बासष्ट हरभरे, एकशे अठरा जोंधळे

"आई, किती माणसं जेवायला येणार तेवढं सांग. बाकीचं माझ्यावर सोड," वाल्मीक म्हणाला, आणि इथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

गोजराबाई चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होत्या. पंधरा दिवसांपूर्वीच त्या यात्रेच्या गाडीनं काशी करून आल्या होत्या. काशी केली की तिथून आणलेल्या गंगेच्या पाण्याच्या गडूची पूजा करायची आणि गावाला मावंद्याचं जेवण घालायचं. त्याशिवाय काशी पदरात पडत नाही, अशी तिकडची रीत.

"माणसं मोजत न्हाईत बाबा," गोजराबाई म्हणाल्या. "तू येकच बघ. माझ्या मावंद्यातनं कुणी उपाशी माघारी जायला नगं. येक जरी गेला, तर मी काशीला गेलेच न्हाई असं समज."

आता एवढं ऐकून कुठलाही शहाणा मुलगा हात धुऊन पानावर बसला असता. पण वाल्मीक नुसता शहाणा नव्हता, तो कॉम्प्युटर शिकलेला होता. साल एकोणीसशे एकोणनव्वद. पुण्यात एका कंपनीत त्याला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती आणि दर शनिवारी तो एसटीनं कासार आंबोलीला येत असे. गावात कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे गावाला त्याच्याबद्दल फार आदर होता. ज्यांनी त्याच्याकडे रेडिओ दुरुस्तीला दिला होता, त्यांचा तेवढा कमी झाला होता.

त्यातून त्या महिन्यात वाल्मीकनं कंपनीत एक पराक्रम केला होता. कंपनीत नवी भाषा आली होती. तिच्यात म्हणे प्रत्येक गोष्ट हा एक ऑब्जेक्ट. आधी काय व्हायचं, पोती मोजायची तर एक प्रोग्रॅम, लिटर मोजायचे तर दुसरा, माणसं मोजायची तर तिसरा. वाल्मीकनं एकच साचा लिहिला. साहेब त्याला जेनेरिक म्हणायचे. आत काय भरणार ते आधी ठरवायचंच नाही, वापरताना सांगायचं. पूर्णांक टाका, अपूर्णांक टाका, साचा निमूटपणे बेरीज करून देणार. साच्याला कशाचंच वावडं नव्हतं, आणि वाल्मीकला त्याचाच अभिमान होता.

"पण वापरताना आत काय आहे ते सांगतोस ना?" साहेबांनी विचारलं होतं. "नुसतं 'आकडा' म्हणून भागणार नाही. उद्या कुणीतरी किलोत मीटर मिळवील."

"साहेब, आकडा तो आकडा," वाल्मीक म्हणाला होता. हे वाक्य पुढं त्याला बरेच दिवस झोपेत ऐकू यायचं.

तर त्या शनिवारी त्यानं हा साचा आईलाही समजावून सांगितला.

"हे बघ, तुझ्या फळीवर डबे आहेत ना? तसा एक डबा. त्यात काय भरायचं ते मागाहून ठरवायचं. डाळ भर, गूळ भर, डब्याला काही देणंघेणं नाही. त्यानं फक्त मोजायचं."

"मग मिठाचा कंचा आन् साकरंचा कंचा, ते कसं वळखायचं?"

"ओळखायचं कशाला? किती आहे ते कळल्याशी कारण."

गोजराबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "तुझ्या हातचा चा मी पिणार न्हाई," त्या म्हणाल्या. वाल्मीक हसला. आपल्या आईला जेनेरिक कळलं नाही, असा निष्कर्ष त्यानं काढला.

रविवारी सकाळी कोंडिबा तात्या आले. गावात कुणाच्याही घरी कार्य असलं की वाड्यावस्त्यांवर फिरून आवतण द्यायचं काम तात्यांचं. अक्षरओळख नाही, पण चाळीस वर्षांत एक घर चुकलं नव्हतं. त्यांनी उपरणं सोडलं. एका टोकाच्या गाठीत हरभरे होते आणि दुसऱ्या टोकाच्या गाठीत जोंधळे.

"झाली का सगळी आवतणं, तात्या?"

"झाली. ही घे यादी. मोज आन् परत दे."

वाल्मीकनं परातीत दाणे मोजले. हरभरे बासष्ट, जोंधळे एकशे अठरा. मध्येच हरभरे संपले म्हणून तात्यांनी जोंधळे घेतले असावेत, असा तर्क त्यानं स्वतःशीच लढवला. विचारलं मात्र नाही. कॉम्प्युटरवाल्यानं काय विचारायचं, तेही उपरण्यातल्या दाण्यांबद्दल.

"हरभरं मोजलंस?" तात्यांनी विचारलं.

"मोजले."

"जोंधळं?"

"तेही मोजले."

"मग झालं तर," म्हणून तात्यांनी दाणे परत आपापल्या गाठीत बांधले.

पत्रं टाकलेले पाहुणे चाळीस होते. सोमवारी कंपनीत वाल्मीकनं साच्यात तिन्ही आकडे टाकले. आत काय आहे, असं मशीननं विचारलं तेव्हा 'आकडा' असं सांगितलं. उत्तर आलं, दोनशे वीस. आईच्या काशीला काही होऊ नये म्हणून त्यानं वर दहा टक्के धरले, म्हणजे दोनशे बेचाळीस. तो जेवायचा त्या खानावळीच्या मालकाकडून एका पानाला काय किती लागतं ते विचारून घेतलं आणि सगळं पुन्हा त्याच साच्यातून काढलं. कर्र कर्र करत प्रिंटर चालला आणि दोन्ही कडांना भोकं पाडलेला हातभर कागद बाहेर आला. तांदूळ ३६.३००. तूरडाळ १२.१००. गूळ १२.१००. पुढं गावाकडचे बरेच जिन्नस, आणि प्रत्येकापुढं पॉइंटनंतर तीन घरं. वाल्मीकनं तो कागद तिथंच तीनदा वाचला, इतका तो त्याला देखणा वाटला.

पुढच्या शनिवारी तो कागद वडिलांच्या, म्हणजे बहिरूनानांच्या हातात पडला. नानांनी चष्मा लावून वाचला आणि शेजारी बसलेल्या गेणबाकडे दिला. गेणबा हा पंचक्रोशीतला आचारी. दुसऱ्यानं काढलेला अंदाज म्हणजे त्याच्या डोक्यात तिडीक. वाल्मीकनं वादाची पुरती तयारी ठेवली होती.

गेणबानं तांदळाच्या ओळीवर बोट ठेवलं. मग डाळीच्या. मग बराच वेळ आढ्याकडे बघितलं.

"बराबर हाय," तो म्हणाला.

"बरोबर आहे?"

"तांदूळ, डाळ येकदम बराबर. गूळ वाईच जास्ती वाटतोय. पण तुमा शिकलेल्यांना ग्वाड आवडत आसंल."

वाल्मीकची छाती दोन इंच फुगली. नाना तर तो कागद घेऊन पारावर जाऊन आले. त्या आठवड्यात गावात ज्यानं तो कागद पाहिला नाही असा फक्त शाळेतला शिपाई राहिला, आणि तो रजेवर होता.

मावंदं त्याच्या पुढच्या रविवारी. शनिवारी कंपनीत काम निघालं, म्हणून वाल्मीक रविवारी सकाळच्या एसटीनं पोचला. दारात मांडव पडला होता. गंगेच्या गडूची पूजा झाली होती. गोजराबाई नवं इरकल नेसून, गडू हातात धरून मांडवाच्या खांबाशी उभ्या होत्या. मांडवाच्या तोंडाशी कोंडिबा तात्या दोन वाट्या पुढं घेऊन बसले होते. वाल्मीकनं पुण्याहून खास क्लिप लावलेला पॅड आणला होता. तात्यांच्या शेजारी उभा राहून तो पानागणिक रेघ ओढू लागला.

ऐंशी पानांची पहिली पंगत उठली. दुसरी उठली. तिसरी बसली तेव्हा वाल्मीकनं मान वर करून रांग पाहिली. रांग शाळेच्या भिंतीपर्यंत गेली होती. हिशोबानं आता तिथं फार तर दोन माणसं उरायला हवी होती.

तिसरी पंगत उठली. दोनशे चाळीस. रांग आता शाळेला वळसा घालून पलीकडे गेली होती. तीत म्हाताऱ्या होत्या, लेकुरवाळ्या होत्या, एकानं तर पाय मोडलेला बाप पाठुंगळी घेतला होता. वाल्मीकच्या कानांमागून घाम निघाला.

रांगेत पुढंच रत्नाबाई उभ्या होत्या, शेजारच्या आळीतल्या. त्यांच्यासोबत सासू, दीर, जावा, पोरं, नातू मिळून अकरा जण.

"काकू," वाल्मीकनं हळूच विचारलं, "तुमच्याकडं आमंत्रण कितीजणांना होतं?"

"कितीजणांना म्हंजे? चुलीला हुतं की. चूलबंद. सकाळपासनं घरात इस्तू न्हाई बघ, पोरं चा बी प्याली न्हाईत."

चूलबंद आवतण म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. हे वाल्मीकला लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. तो गर्रकन तात्यांकडे वळला.

"तात्या, हरभरा म्हणजे काय?"

"हरभरा म्हंजे चूल," तात्या म्हणाले. "आन् जोंधळा म्हंजे येक माणूस. भावकी आन् जवळच्या वाड्या चूलबंद, लांबच्यांस्नी घरटी येक. का रं?"

"मी... मी दोन्ही एकात मिळवले."

तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की वाल्मीकला साहेब बरे वाटले. "आरं, हरभऱ्यात जोंधळं मिसळलं तर गिरणीवालाबी दळत न्हाई," ते म्हणाले. "म्हून तर दोन गाठी बांधल्या हुत्या."

बासष्ट चुली. घरटी सात माणसं धरली तरी सव्वाचारशेच्या वर. वरचे जोंधळे, वरचे पाहुणे. सहाशे माणूस, आणि स्वयंपाक दोनशे बेचाळिसांचा. वाल्मीकच्या तोंडचं पाणी पळालं. तो तसाच मांडवामागं गेणबाकडे धावला.

तिथं भाताची रास होती, पण तिच्यावर पांढरं धोतर झाकलं होतं आणि शेजारी समई तेवत होती. एका कोपऱ्यातून धोतर उचलून वाढपी भात काढून नेत होते.

"गेणबामामा, भात किती उरलाय?"

"राशीला किती म्हून ईचारू नये," गेणबा म्हणाला. "बरकत जाती."

"पण मला नुसतं बघू तर द्या."

"नदरबी लावू नये. सर मागं."

वाल्मीक मागं सरला. धोतराखाली दोन घमेली भात आणि बाकी नुसती पत्रावळ असणार, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आईची काशी आपण बुडवली. त्या सोळा दिवस गाडीत बसून, पाय सुजवून आल्या, आणि पोटच्या पोरानं तीन ओळींच्या बेरजेत सगळं घालवलं. तो रडायच्या बेताला आला. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण हुशार माणसाला ते कुठलं जमायला. त्याला उपाय सुचला.

त्यानं रत्नाबाईंना बाजूला घेतलं. "काकू, रागावू नका. घरी जाऊन थोडा भात टाकता का? फार नाही, तुमच्यापुरता. चूल पेटवायला कितीसा वेळ लागतो."

रत्नाबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या माणसांकडे.

"चला गं," त्या म्हणाल्या. "आपल्याला चूल पेटवायला सांगितलंय."

झालं. चूलबंद आवतण देऊन दारातून चूल पेटवायला सांगणं म्हणजे जेवायला बसलेल्याचं पान ओढून घेणं. बातमी रांगेच्या टोकाला पोचायला वाल्मीकला पॅड खाली ठेवण्याइतकाही वेळ लागला नाही. "गोजराच्या लेकानं चूल पेटवायला सांगितली." "रत्नाबाईला हाकललं." "हितं आता पुण्याच्याच लोकांना वाढणार म्हणं." एक घर रांगेतून निघालं. दुसरं निघालं. पाय मोडलेल्या बापाला पोरानं पुन्हा पाठीवर घेतलं. चौथ्या पंगतीला बसलेले लोक द्रोण बाजूला सारून उठायला लागले.

गोजराबाई खांबाशी होत्या तिथंच होत्या. हातातला गडू त्यांनी छातीशी घट्ट धरला होता, आणि नजर उपाशी पोटी निघालेल्या पोरांच्या पाठीवर होती.

ते तोंड पाहिलं आणि वाल्मीकला सगळी अक्कल एकदम सुचली, जी त्याला दोन आठवडे आधी सुचायला हवी होती. मांडवापुढं बैलगाडी सोडलेली होती. तो तिच्यावर चढला.

"थांबा," तो ओरडला. "कुणी जाऊ नका. चूक तुमची नाही, आईची नाही, मशीनची पण नाही. गाढव मी आहे."

एवढं स्पष्ट भाषण गावानं निवडणुकीतही ऐकलं नव्हतं. लोक थांबले.

"तात्यांनी मला दोन गाठी दिल्या. हरभरा म्हणजे चूल, जोंधळा म्हणजे माणूस. मी विचारलं नाही. दोन्ही आकडेच, म्हणून एकात मिळवले. बासष्ट घरांना मी बासष्ट माणसं धरलं. सगळा स्वयंपाक तेवढाच सांगितला. भात पुरणार नाही म्हणून भ्यालो आणि काकूंना नको ते बोललो. आता जे आहे ते वाटून खाऊ. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण आईच्या दारातून कुणी उपाशी जाऊ नका."

मग रत्नाबाई माघारी वळल्या.

"म्हंजे तुझ्या मशीनीत आमी अकराजण मिळून येक?"

"हो काकू. एकच."

"आन् ह्यो नातू?"

वाल्मीकनं विचार केला. "एक अकरांश."

"आन् आमची सासूबाय बी तेवडीच?" पलीकडून एक जाऊ म्हणाली. "मग बराय. घरी तर त्या येकट्याच दहाजणांच्या हायेत."

आधी बायका हसल्या, मग रांग हसली. पाठीवरचा बाप हसायला लागला तेव्हा पोराला त्याला खाली ठेवावं लागलं. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. रत्नाबाई पदर खोचून पहिल्या पानावर जाऊन बसल्या. "वाढा," त्या म्हणाल्या. "आमी येकच मानूस हाय, वाईच वाईच वाढा."

एवढ्यात मांडवामागून हातात झारा घेऊन गेणबा आला. तो चांगलाच तापला होता.

"भात कमी हाय आसं कोन म्हनलं?"

"मामा, छत्तीस किलो तांदूळ सहाशे लोकांना कसा पुरणार?" वाल्मीक गाडीवरूनच म्हणाला.

"किलो?" गेणबा म्हणाला. "मी छत्तीस पायली रांधल्यात."

वाल्मीकनं नानांकडे पाहिलं. नानांनी खिशातून तो कागद काढला, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, तांदूळ ३६.३००. छत्तीस काय, ते लिहिलेलं नव्हतं. साच्याला कुठं त्याचं देणंघेणं होतं.

"तांदूळ किलोनं कोन मोजतं?" नाना म्हणाले. "कणगीतनं छत्तीस पायली काढल्या. फुडचं ठिपक्याचं काय समजलं न्हाई, म्हून दोन मुठी वरनं टाकल्या. डाळ बारा पायली. गूळ बारा ढेपा."

एका पायलीत अडीच-तीन किलो तांदूळ सहज बसतो. वाल्मीकनं गाडीच्या साटीवर बसून बोटांवर गुणाकार केला. नव्वद किलोच्या वर. सहाशे पानांना जेवढा लागतो, बरोबर तेवढा.

"तरीच तुम्ही त्या दिवशी बरोबर म्हणालात," तो गेणबाला म्हणाला.

"मग. सहाशे पानाला छत्तीस पायली, माझं बी तेच निघत हुतं. म्हनलं, मशीन हुशार दिसतंय." गेणबानं झारा खांद्यावर टाकला. "गूळ तेवडा निम्मा पडून हाय. आता सा ढेपांची चिक्की करा."

माणसांत केलेली चूक मापात केलेल्या चुकीनं फेडली होती आणि यात वाल्मीकच्या अकलेचा कणभरही हात नव्हता. हे गावाला पटवून द्यायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला. पण पुढच्या पंगतीपासूनच लोक म्हणायला लागले, की पोरगं भ्यालं, पण मशीन भ्यालं नाही.

पंगतीवर पंगती उठत गेल्या. एकेक घर जेवून निघालं की तात्या गाठीतला एक हरभरा काढून वाटीत टाकत. एकटा माणूस गेला की दुसऱ्या वाटीत जोंधळा. शेवटची पत्रावळ उचलली तेव्हा पाच वाजत आले होते. वाल्मीकनं पिशवी खांद्याला लावली. साडेपाचला फाट्यावर पुण्याची शेवटची एसटी होती, आणि आज तिथून जितक्या लवकर निघता येईल तितकं त्याला हवं होतं.

"थांब," तात्या म्हणाले. "गाठीत येक जोंधळा ऱ्हायलाय."

गोजराबाई लगबगीनं पुढं आल्या. "म्हंजे कुणी उपाशी हाय?"

"येकजण हाय."

पुन्हा धावपळ झाली. नाना पारावर बघून आले. वाल्मीकनंही पिशवी ठेवली आणि शाळेमागं जाऊन हाका मारल्या. पॅडवरच्या रेघा दोनदा तपासल्या. रेघांवरून कुणाचाच पत्ता लागेना.

"तात्या, कुठल्या वाडीचा दाणा आहे हा?" त्यानं दमून विचारलं.

"वाडीचा न्हाई. पुण्याचा."

"पुण्याहून कोण आलंय?"

"तूच की," तात्या म्हणाले. "सकाळधरनं कागद घेऊन हुबा हाईस. जेवलास कवा?"

वाल्मीकला तेव्हा कुठं आठवलं, की सकाळपासून पोटात पाण्याचा घोटही गेला नव्हता. पण त्याला लागलं ते दुसरंच.

"पण मी तर घरचा," तो म्हणाला. "मला जोंधळा कशाला?"

"घरच्यांचा हरभरा येगळा. तू आता शनवार-आयतवारी येणार, पिशवी घेऊन जाणार. तुजी हितं चूल कुटं हाय? म्या तुला घरटी येक धरला." तात्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चाळीस वर्षांत एक घर न चुकवलेल्या माणसानं नीट विचार करून टाकलेला तो दाणा होता.

वाल्मीक मान खाली घालून दोन वाट्यांकडे बघत राहिला.

गोजराबाईंनी गडू खाली ठेवला. तात्यांच्या तळहातावरचा जोंधळा चिमटीत उचलला आणि हरभऱ्यांच्या वाटीत टाकला.

"गोजरे, आगं मिसळ केलीस," तात्या म्हणाले.

"करू दे. गावभर हुतंय की लेकानं मिसळलं," गोजराबाई म्हणाल्या. "आता मायनं मिसळलं म्हना." मग त्या वाल्मीककडे वळल्या. "पिशवी ठेव आन् हात धू. तू उपाशी गेलास तर काशी पुन्यांदा करावी लागंल मला, आन् माजं पाय सुजल्यात."

वाल्मीक पानावर बसला. गेणबानं धोतराचा कोपरा उचलून भात आणला, वर आमटी ओतली आणि लापशीचा डोंगर वाढला. लापशी इतकी गोड होती की घास गिळवेना. फाट्यावर शेवटच्या एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा वाल्मीक दुसऱ्यांदा भात मागत होता.